पूर्ण काढलं म्हणजे सुटलो, असं नसतं

पत्र: सिस्टरताई, मी दारव्हा तालुक्यातली, वय ४६. नाव छापू नका. पोळ्याच्या सुमारास डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून महिनाभर कोणाला सांगितलं नाही. मग यवतमाळला सोनोग्राफी, मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. गाठ २.१ सेंटीमीटर, ग्रेड दोन. बगलेत काही दिसत नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतात, दोन रस्ते आहेत. नुसती गाठ काढून मग लाईट घ्यायची, नाहीतर पूर्ण छाती काढायची. दोन्ही सारखंच, तुम्ही ठरवून सांगा. आमचे हे म्हणतात, पूर्णच काढून टाक, मूळच नको. जाऊबाई म्हणतात, या वयात आता काय करायची आहे. शेजारची म्हातारी म्हणते, लोखंड लागलं का पसरते, हातच लावू नका. सीतादही झालं, कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाही. हा वेचा घरात आला की जाऊ, असं चाललं आहे. मला रात्री झोप येत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर सगळं पत्र वाचताना तुम्ही तेच शोधत राहाल. मी तुमच्या जागी असते आणि तीन-चार आठवडे सेवाग्रामला किंवा नागपूरला राहायची सोय लागली असती, तर मी गाठ काढून लाईट, म्हणजे रेडिएशनचा शेक, घेतली असती. सोय काही केल्या लागतच नसती, तर पूर्ण छाती काढून घेतली असती आणि त्याचं मनाला लावून घेतलं नसतं. मी डॉक्टर नाही. ऑपरेशनच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते, आणि या दोन्ही ऑपरेशनांतून उठलेल्या बायकांच्या उशाशी बसलेली आहे. तेवढ्या अधिकारानं लिहिते आहे. पक्कं काय ते तुमच्या सर्जनशी बोलूनच ठरवा.

आता "दोन्ही सारखंच" या शब्दांबद्दल. डॉक्टर असं म्हणाले की घरच्यांना वाटतं, यांना काही पडलेलीच नाही, किंवा यांनाही नक्की माहीत नाही. तसं नाही. त्या दोन शब्दांमागे हजारो बायकांची वीस-वीस वर्षांची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॅल्स्टेड नावाच्या सर्जननं पूर्ण छाती, तिच्याखालचा स्नायू आणि बगलेत सगळ्यांच्याच मुळात असतात त्या लहान गाठी, सगळं एकत्र खरवडून काढायची पद्धत बसवली. जितकं जास्त काढू तितकी बाई जास्त जगेल, असा त्याचा हिशेब होता, आणि पाऊणशे वर्षं जगभर तोच चालला. माझ्या मावशीचं ऑपरेशन त्याच पद्धतीचं. तिच्या बरगड्या कातडीखालून मोजता यायच्या आणि हात कायम सुजलेला असायचा. भाकरी थापायला ती दुसऱ्या हातानं शिकली. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी अशा बायका पाहिल्या आहेत, म्हणून त्यांच्या मनातली भीती मी खोटी म्हणत नाही.

मग हा हिशेब तपासून पाहिला गेला. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांचा अभ्यास केला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १,८५१ बायकांचा केला. कोणाची पूर्ण छाती काढायची आणि कोणाचा फक्त गाठीचा भाग, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, आणि पुढे वीस वर्षं त्यांची विचारपूस ठेवली. २००२ मध्ये दोन्हींचे निकाल छापून आले. जगण्यात फरक नाही. पूर्ण काढलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत आणि नुसती गाठ काढलेल्या कमी जगल्या नाहीत. फिशर यांच्या अभ्यासात चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी होत्या, म्हणजे तुमची २.१ ची गाठ त्यात आरामात बसते.

तुमच्या मालकांना हे आकड्यांनी पटेल असं मला वाटत नाही. त्यांना अमरवेलीचं सांगा. सोयाबीनमध्ये एका कोपऱ्यात पिवळी अमरवेल दिसली, तर तुम्ही काय करता? ती झाडं आजूबाजूच्या हातभर पट्ट्यासकट उपटून जाळता आणि तेवढ्या जागेवर पुढेही नजर ठेवता. अख्खं वावर नांगरून टाकत नाही. आणि समजा, बी आधीच पाटाच्या पाण्यानं खालच्या वावरात गेलं असेल, तर वरचं वावर नांगरून उपयोग तरी काय? कॅन्सरचं असंच आहे. जिवाला धोका होतो तो छातीत राहिलेल्या गाठीपेक्षा रक्तातून दुसरीकडे गेलेल्या पेशींमुळे. त्यांच्यासाठी गोळ्या असतात, इंजेक्शनं असतात, गरज पडली तर केमो असते. छाती ठेवा की काढा, ते औषध गाठीच्या जातीवर ठरतं. "पूर्ण काढलं की केमो लागणार नाही" असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. छाती काढली तरी केमो लागू शकते, आणि बगलेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर निघाला तर छाती काढूनही शेक घ्यावा लागतो.

पण एक गोष्ट लपवणार नाही. छाती ठेवली तर त्याच छातीत गाठ पुन्हा येण्याची शक्यता थोडी जास्त राहते. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून शेक घेतलेल्या दर शंभर बायकांपैकी साधारण चौदा जणींना वीस वर्षांत त्याच छातीत पुन्हा आजार आला. तो जुना काळ होता. आता तपासण्या आणि औषधं सुधारली आहेत, हे प्रमाण कमी झालं आहे. पुन्हा आली तर बहुतेक वेळा तेव्हा पूर्ण छाती काढावी लागते. पण ज्यांनी गाठ काढली आणि शेक घेतलाच नाही, त्यांच्यात हाच आकडा शंभरात एकोणचाळीस होता. हा आकडा लक्षात ठेवा. माझं सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतं.

असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या वॉर्डात एक बाई आली होती, तुमच्याच वयाची. दोन वर्षांपूर्वी तिची गाठ एका लहान दवाखान्यात काढली होती. "गाठ निघाली, आता काही नाही" असं सांगून तिला घरी पाठवलं. काढलेली गाठ तपासायला दिली की नाही, तेही तिला माहीत नव्हतं. शेक घे असं कोणी म्हटलं नाही, आणि हंगाम होता म्हणून तिनंही विचारलं नाही. आली तेव्हा टाक्यांच्या जागीच लिंबाएवढं झालं होतं. त्याच महिन्यात दुसरी एक होती, नुसती रडत होती. तिची छाती पूर्ण काढलेली, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून तिला कळलं की गाठ तेवढी काढूनही चाललं असतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. या दोघींमुळे मी सांगते, तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही रस्ते समोर ठेवले हे चांगलं लक्षण आहे. त्यांनी तुमच्यावर ढकललेलं नाही, तुम्हाला मोजलं आहे.

तुम्ही लाईट म्हणता, कोणी शेक म्हणतं, ते म्हणजे रेडिएशन. त्याची भीती ऑपरेशनापेक्षा जास्त असते, कारण ते दिसत नाही. टेबलावर पाठीवर झोपायचं, हात डोक्यावर. मशीन फिरतं, आवाज येतो, काही मिनिटांत उठायचं. चटका लागत नाही. कातडीवर खुणा करतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी उन्हात वेचणी केल्यासारखी काळपट-लाल होते, थकवा येतो, नंतर महिना-दोन महिन्यांत उतरतो. अंगातून काही बाहेर पडत नाही, लेकराला कुशीत घेतलं तरी चालतं. सोमवार ते शुक्रवार असे पंधरा-सोळा शेक, म्हणजे तीन आठवडे, आणि काही जणींना गाठीच्या जागी थोडे जास्त. काही ठिकाणी अजून पाच आठवड्यांची जुनी पद्धत आहे, आणि एकाच आठवड्याची नवी पद्धतही आता काही रुग्णांसाठी वापरतात. तुमची छाती डावी आहे, मागे हृदय आहे. म्हणून विचारा, "श्वास रोखून शेक देण्याची सोय तुमच्याकडे आहे का?" श्वास भरून धरला की हृदय जरा मागे सरतं. असा नेमका प्रश्न विचारलेला डॉक्टरांना आवडतोच.

राहायचं कुठे, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो छातीच्या प्रश्नाआधी सोडवा. दारव्ह्याहून रोज जाणं-येणं जमणार नाही, पंधरा दिवस तर नाहीच. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, तिथेच सावंगीला, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात आणि जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये शेकाची सोय आहे. तिथे समाजसेवा विभाग असतो, त्यांच्याकडे रुग्ण आणि एका नातेवाइकाच्या राहण्याबद्दल विचारा. वर्ध्यात माहेरची, सासरची, लांबची कोणी असेल तर आता लाजू नका. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि आता रेशनकार्डाचा रंग कोणताही चालतो. ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही त्यात येतात. फक्त दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. दारातच आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिले तिथे जा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला सवलत मिळते. दवाखान्याकडून तो फॉर्म भरून घ्या.

पूर्ण छाती काढायचं ठरलं, तरी मावशीसारखं होणार नाही. आता खालचा स्नायू ठेवतात. दोन-चार दिवसांत घरी सोडतात, पण बगलेतून एक नळी आणि बाटली आठवडा-दोन आठवडे सोबत राहते. एका बाईनं जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून ती बाटली गळ्यात अडकवली होती. पुढे आम्ही ती पिशवी सगळ्यांना शिवायला सांगत असू. नंतर एका बाजूला वजन राहत नाही, खांदा वर चढतो, पाठ दुखते. टाके बरे झाले की ब्लाऊजच्या आतून खिसा शिवून त्यात सुती पिशवी ठेवतात. नुसता कापूस हलका पडतो, वर सरकतो, म्हणून खाली मोहरी भरायची. बाजारात सिलिकॉनचे तयारही मिळतात. पोटाची किंवा पाठीची कातडी आणून नवीन छाती बनवायचं ऑपरेशनही असतं, हवं असेल तर आधीच बोला.

बगलेचा प्रश्न दोन्ही रस्त्यांत येतोच. पूर्वी बगलेतल्या सगळ्या गाठी काढत. आता तुमच्यासारख्या, जिच्या बगलेत काही लागत नाही, तिच्या छातीत निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी औषध टोचतात, ते पहिल्या ज्या गाठीपर्यंत पोहोचतं त्या एक-दोन गाठी काढून तपासतात. त्या कोऱ्या निघाल्या तर बाकी बगल तशीच ठेवतात. हात सुजण्याचा त्रास त्यामुळे खूप कमी होतो. तुमच्या डाव्या हातानं तुम्हाला उद्या पाणी भरायचं आहे, कापूस वेचायचा आहे. छाती ठेवू की काढू यापेक्षा, खरं सांगायचं तर, बगलेत किती हात घालणार हा प्रश्न तुमच्या रोजच्या कामासाठी मोठा आहे. तो विचारल्याशिवाय सही करू नका.

आणखी काही आधी विचारून घ्या. गाठ एकच आहे की त्याच छातीत दुसरीकडेही काही दिसतं? दूरदूर दोन-तीन ठिकाणी असेल, मॅमोग्राफीत चुन्याचे ठिपके छातीभर पसरले असतील, तर छाती ठेवणं सहसा योग्य नसतं, आणि मग निवड उरतच नाही. आधी छातीला शेक झालेला असेल तरी तसंच. माहेरी माय, बहीण, मावशीला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते न विचारताही सांगा, त्यावरून रक्ताची वेगळी तपासणी आणि कधी वेगळा निर्णय होतो. तुकड्याच्या रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू असे तीन शब्द असतील, गाठ कोणत्या जातीची ते त्यावरून कळतं, नसतील तर ती तपासणी करून घ्या. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर पाच वर्षं किंवा जास्त गोळी, आणि ती स्वस्त आहे. कधी कधी रिपोर्ट पाहून केमो आधी देतात. गाठ लहान होते, मग छाती वाचवणं सोपं जातं. आणि ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज, असं तुम्हाला किंवा घरच्यांना वाटत असेल तर ते वेगळं आहे. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार किती पसरला ते.

छाती ठेवली तर एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. काढलेल्या गाठीच्या कडा पॅथॉलॉजीत तपासतात. कड कोरी नसेल तर थोडं आणखी काढायला पुन्हा टेबलावर जावं लागतं. त्यात कोणाची चूक नसते.

आता घरचं. त्या म्हातारीला वाईट बोलू नका, पण सुईनं किंवा ऑपरेशननं कॅन्सर पसरत नाही. पसरलेला पोटात घेऊन उशिरा टेबलावर गेलेल्या बायका तिनं पाहिल्या, आणि दोष लोखंडाला लागला. जाऊबाईंना सांगा की छाती लेकरं पाजून झाली म्हणून परत द्यायची वस्तू नाही. ४६ वय काय असतं हो! आंघोळीला बसल्यावर स्वतःचं अंग स्वतःला दिसतं, तेवढं कारण पुरे आहे. आणि कोणी खरंच म्हणालं, मला नकोच, मला डोळ्यांसमोर ठेवायचीच नाही, तर तेही बरोबर. मी अशा बायका पाहिल्या, ज्यांना पूर्ण काढल्यावरच झोप लागली. फक्त ते तुमचं मन असू द्या, घरातल्या सहा जणांचं नको.

मालकांबद्दल तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर, पेन दाबून, एक ओळ लिहिली आहे. ती मी वर छापली नाही. तेवढंच सांगते की "पूर्ण काढून टाक" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्यांना तुम्ही हव्या आहात, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवून हा प्रश्न विचारायला लावा: "साहेब, पूर्ण काढली तर माझी बायको जास्त जगेल का?" उत्तर त्यांनी त्यांच्या कानांनी ऐकू द्या.

वेळेचं. विचार करायला दोन आठवडे घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, त्यानं काही बिघडत नाही. पण वेचा घरात येईपर्यंत नाही. पहिल्यानंतर दुसरा वेचा येतो, मग तूर, मग लग्नसराई, हे तुम्हाला मी सांगायला नको. कापूस झाडावर चार दिवस जास्त राहिला तर थोडा पिवळा पडेल, वजन कमी भरेल. वेचणीला बायका मिळत नसतील तर भाव दोन रुपये वाढवून द्या, पण तारीख घ्या. जडीबुटीवाला कोणी दारात आला तर त्याला चहा पाजा आणि जाऊ द्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून हाताचा व्यायाम सुरू करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, जिथे थांबतील तिथे खडूची रेघ. रोज रेघ बोटभर वर गेली पाहिजे. आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर तशा रेघांच्या शिड्याच होत्या. दर वर्षी चुना मारायचे आणि दर वर्षी पुन्हा उमटायच्या.

आणि दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी डाव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा. हात सुजला तर त्या अडकतात, मग कापाव्या लागतात, काच रुतते. सासूबाई अपशकुन म्हणतील. त्यांना म्हणा, फोडल्या नाहीत, सगळ्या उजव्या हातात भरल्या आहेत. बगलेचा रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स मला पाठवा.